तडजोडीची किंमत कोण मोजतं?

वर्गात युरोपीय संघाचा विषय चालला होता. ब्रिटन त्या संघातून बाहेर पडला, एवढं सांगून आम्ही पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, निघायचंच ठरलं होतं ना? मग निघायचं. तडजोड कशाला?"

वर्ग हसला. आम्ही मात्र खडू खाली ठेवला. या मुलाच्या अब्बांचं आणि चाचांचं भागीदारीतलं दुकान सध्या वेगळं होतंय, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून उत्तर घाईने दिलं नाही. या महिन्याचं सदर त्या उत्तरासाठीच.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडू या, ४८.१ टक्के म्हणाले, राहू या. पण कसं बाहेर पडायचं, हे मतपत्रिकेवर विचारलंच नव्हतं. पुढचं सगळं भांडण झालं ते या 'कसं'वरून.

वाटा अनेक होत्या. एक, राजकीय नातं तोडायचं, पण व्यापाराचे नियम बरेचसे तेच ठेवायचे. दुसरी, जकातीपुरतं एकत्र राहायचं, म्हणजे निदान जकातीसाठी सीमेवर माल अडणार नाही. तिसरी, सगळं तोडून साधा करार करायचा. आणि चौथी, करारही नको, सरळ चालू लागायचं.

छोट्या व्यापाऱ्यांना काय वाटत होतं? त्यांचं एकमत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. तिथल्या छोट्या व्यावसायिकांच्या मोठ्या संघटनेने, फेडरेशन ऑफ स्मॉल बिझनेसेसने, सार्वमतात कोणाचीच बाजू घेतली नव्हती, कारण सभासदच विभागलेले होते. ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याच गल्लीत, तो विचारत होता, "आम्ही युरोपला काही विकत नाही, मग त्यांचे नियम आम्हाला का? आणि बाहेर पडूनही तेच नियम पाळायचे असतील, तर आता ते ठरवताना आपल्याला कोण विचारणार?" हा प्रश्न खोटा नव्हता. तडजोडीची तीही एक किंमत होतीच. दुसरीकडे ज्याचे सुटे भाग जर्मनीहून येत होते किंवा ज्याचा माल फ्रान्सला जात होता, त्याला जुनी वाट शक्य तितकी मोकळी हवी होती.

एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडचे पुष्कळ लोक सहमत होते. जे काय ठरवायचं ते लवकर ठरवा, स्पष्ट सांगा आणि तयारीला वेळ द्या.

नेमकं तेच मिळालं नाही. पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला करार संसदेने २०१९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये तीनदा फेटाळला. निघण्याची तारीख २९ मार्च २०१९ होती. ती आधी एप्रिलवर, मग ऑक्टोबरवर, मग पुढच्या जानेवारीवर गेली. १ एप्रिल २०१९ ला जकातीपुरतं एकत्र राहण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. बाजूने २७३, विरोधात २७६. तीन मतं! एका बाजूच्या काहींना पूर्ण तोडायचं होतं, दुसऱ्या बाजूच्या काहींना निघायचंच नव्हतं. मधली जागा कोणाची नव्हती, आणि छोट्या दुकानदारांपैकी कितीतरी जण त्या मधल्या जागेतच उभे होते.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालले. नवा व्यापार करार जाहीर झाला २४ डिसेंबर २०२० ला आणि लागू झाला १ जानेवारी २०२१ ला. बाराशेहून अधिक पानं आणि वाचायला एक आठवडा! मोठ्या कंपनीकडे वकील असतात, गोदामं असतात. छोट्या दुकानात मालक हाच कारकून आणि हाच हमाल.

करारात जकात नव्हती, पण कागद होते. मालाचं विवरणपत्र, तो कुठे बनला याचा पुरावा, चीज-मांसासाठी पशुवैद्याच्या सहीचं प्रमाणपत्र. जहाजभर मालाला प्रमाणपत्राचा खर्च जाणवत नाही. पण एखाद्या घरी चीजचा लहानसा डबा पाठवायचा, तर कागदच मालापेक्षा महाग पडू लागला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने सुमारे १६,४०० व्यवसायांनी युरोपला माल पाठवणं बंद केलं. सर्वाधिक झळ लहानांना बसली. मोठ्यांनी जमवून घेतलं.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं. ब्रिटनमधली 'इंडियन' म्हणवणारी पुष्कळ हॉटेलं मुळात सिल्हेटकडच्या बांगलादेशी कुटुंबांची. त्यांना आचारी मिळत नव्हते. युरोपातून येणाऱ्यांची मोकळी ये-जा थांबली, की आपल्याकडच्या आचाऱ्यांना व्हिसा सोपा होईल, असं त्यांना प्रचारात सांगण्यात आलं. त्यांच्यातल्या काही पुढाऱ्यांनी बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. पण आशा होती तशी वाट मोकळी झाली नाही. एप्रिल २०२४ पासून बाहेरून कुशल कामगार आणायचा, तर वर्षाला किमान ३८,७०० पौंड पगाराची सर्वसाधारण अट आली. छोट्या हॉटेलमालकाला हा पगार कसा परवडावा? त्यांच्या हाती लिहिलेलं काहीच नव्हतं.

आम्ही वर्गात एवढंच सांगितलं की, वेगळं होणं हा गुन्हा नाही. कधी कधी ते बरंच असतं. पण वेगळं झाल्यावरही गिऱ्हाईक तेच राहतं, रस्ता तोच राहतो, शेजार तोच राहतो. तडजोड करणारा हरला, असं समजू नये. मात्र ती वेळेवर व्हावी, कागदावर यावी आणि तयारीला मुदत देणारी असावी. ताणून धरणं ज्याला परवडतं तो ताणतो, आणि दोरी तुटते ती दुसऱ्याच्या हातात.

तास संपला. मुलं बाहेर पळाली. तो मुलगा दप्तर आवरत रेंगाळला. मग टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मुदत किती लिहून घ्यायची असते?"

आम्ही म्हटलं, "ते अब्बा आणि चाचांनी एकत्र बसून ठरवायचं, बेटा. आधी त्यांना एकत्र बसायला सांग."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादीला सांगतो. तिचं दोघंही ऐकतात."