स्वस्त निविदेची महाग गाडी

आनेकल तालुक्यातील हेब्बगोडी येथील मेट्रोच्या आगारात १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सहा डब्यांची एक गाडी येऊन दाखल झाली. चीनमध्ये तयार झालेले हे डबे जहाजाने चेन्नई बंदरात उतरवून तेथून रस्त्याने आणण्यात आले होते. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा १९.१५ किलोमीटरचा मार्ग, त्यावरील १६ स्थानके, खांब आणि रूळ हे सारे गाड्यांची वाट पाहात उभे होते. प्रत्यक्षात मार्ग लोकांना खुला झाला तो १० ऑगस्ट २०२५ रोजी. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, भाषणे झाली, निशाण दाखवण्यात आले. परंतु त्या दिवशी मार्गावर सोडण्यास गाड्या होत्या अवघ्या तीन. सुमारे ७,१६० कोटी रुपये खर्चून उभारलेल्या मार्गावर दर पंचवीस मिनिटांनी एक गाडी! मूळ नियोजनाप्रमाणे हा मार्ग २०२१ मध्येच धावू लागावयाचा होता.

हा विलंब कोणाच्या वाट्यास आला, ते आधी पाहिले पाहिजे. बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले ह्या आनेकल तालुक्यातील औद्योगिक वसाहती आहेत. यंत्रांचे सुटे भाग, औषधे, तयार कपडे, विजेची उपकरणे अशा नाना प्रकारच्या कारखान्यांत येथे कामगार राबतात आणि त्यांतील फार मोठा भाग कंत्राटी आहे. होसूर रस्ता ही त्यांची एकमेव धमनी. इलेक्ट्रॉनिक सिटीतील मोठ्या कंपन्यांच्या नोकरांना कंपनीची वातानुकूलित बस आहे. २०१० साली खुल्या झालेल्या उन्नत मार्गावरून टोल भरून मोटारीने निघून जाण्याची सोयही आहे. पाळी संपवून निघालेल्या कंत्राटी कामगाराला मात्र उड्डाणमार्गाच्या खालूनच, खचाखच भरलेल्या बसमधून, सिल्क बोर्डच्या चौकातील कोंडी पार करावी लागे. नव्या मार्गावरील स्थानकांना इन्फोसिस फाउंडेशन, बायोकॉन, डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स अशी नावे लागली, कारण त्यांनी पैसे दिले. ज्यांनी वर्षानुवर्षे वेळ दिला त्यांच्या नावाचे स्थानक नाही, हे ओघानेच आले.

विलंबाचे एक मोठे कारण डब्यांच्या खरेदीत आहे आणि ते सरकारी खरेदीच्या संपूर्ण प्रश्नावर प्रकाश टाकणारे आहे. बंगळूर मेट्रो रेल निगम ही केंद्र आणि कर्नाटक सरकार यांची समान भागीदारीची कंपनी. २०१९ च्या अखेरीस तिने २१६ डब्यांचे कंत्राट चीनच्या सी.आर.आर.सी. ह्या कंपनीच्या नान्जिंग येथील शाखेला सुमारे १,५७८ कोटी रुपयांना दिले. म्हणजे डब्यामागे ७ कोटी ३० लाख रुपये. हा दर सर्वांत कमी होता आणि नियमाप्रमाणे कमी दराचा मान तिला मिळाला. अट अशी होती की मोजक्या गाड्या सोडल्यास बाकीचे डबे भारतात बनवावयाचे. कंपनीपाशी भारतात असा कारखाना नव्हता; तो पुढे उभारला जाणार होता. पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलावर पूर्वपरवानगीचे बंधन घातले. जूनमध्ये गलवानचा रक्तरंजित संघर्ष झाला आणि जुलैमध्ये शेजारी देशांतील कंपन्यांना सरकारी निविदा भरण्यावरच निर्बंध आले. कारखाना उभा राहिला नाही. निगम नोटिसांवर नोटिसा धाडत राहिले. अखेर चिनी कंपनीने कलकत्त्याच्या टिटागढ कंपनीशी हातमिळवणी केली आणि टिटागढच्या कारखान्यातील पहिली गाडी जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडली. दरम्यान चिनी अभियंत्यांचे व्हिसादेखील अडकून पडले होते.

आता दुसरे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आपल्या दोन मार्गांसाठी ३७८ डब्यांचे कंत्राट सुमारे ३,०१५ कोटी रुपयांना दिले. ते मिळाले भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे बी.ई.एम.एल., ह्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीला. ह्या कंपनीचा डब्यांचा कारखाना कोठे आहे? बंगळूर शहरात! १९६४ साली स्थापन झालेली ही कंपनी रेल्वेचे डबे दशकानुदशके बनवीत आली आहे आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बंगळूरची मेट्रो सुरू झाली तीच मुळी तिने पुरवलेल्या डब्यांनिशी. मुंबईसाठी तिने बनवलेली गाडी जानेवारी २०२१ मध्ये कारखान्याबाहेर आली आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील लोक त्या गाडीत बसले. कंत्राट दिल्यापासून साडेतीन वर्षांच्या आत हे घडले आणि त्यात करोनाची दोन वर्षे होती. चिनी कंपनीला कंत्राट दिल्यापासून बोम्मसंद्रपर्यंत पहिला प्रवासी पोहोचण्यास साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागला. बंगळूरच्या कामगारांनी घडवलेली गाडी दहिसरच्या कामगाराला घेऊन धावत होती, त्या वेळी बंगळूरच्या वेशीवरील कामगार रिकाम्या खांबांखालून बसने जात होता.

मुंबईच्या कंत्राटात डब्यामागे सुमारे ७ कोटी ९८ लाख रुपये पडतात. दोन कंत्राटांतील तांत्रिक अटी, देखभालीची कलमे, गाड्यांची रचना सारखी नाहीत. तेव्हा तुलना ढोबळच मानली पाहिजे. तरीही मोठेपणाचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे. डब्यामागे ६७–६८ लाखांचा फरक धरला तर २१६ डब्यांवर वाचलेली रक्कम १४५ कोटींच्या आसपास येते. उलट बाजूस ७,१६० कोटींचा मार्ग वापराविना पडून राहिला. ह्या रकमेवर शेकडा पाच एवढेच व्याज धरले तरी वर्षाचे ३५८ कोटी होतात. म्हणजे निविदेत मिळवलेली बचत पाच महिन्यांत संपते. विलंब वर्षांचा आहे. गाड्यांखेरीज इतर कारणांनी काही काळ गेलाच असता असे मानून त्यातून वर्ष-दीड वर्ष वजा केले, तरी हिशेब फिरत नाही. ह्यात प्रवाशांचा वेळ धरलेला नाही, बुडालेले भाडे धरलेले नाही, रस्त्यावर जळालेले इंधन धरलेले नाही.

आणि निविदेची छाननी करणाऱ्या समितीला हा हिशेब मांडण्याचे कारणच नसते. तिच्यापुढे लखोटे असतात, लखोट्यांत आकडे असतात आणि सर्वांत लहान आकडा हा निर्णय असतो. सर्वांत लहान आकडा निवडणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. दुसरा आकडा निवडणाऱ्याला मात्र लेखापरीक्षक, दक्षता विभाग आणि न्यायालय ह्या तिघांपुढे उभे राहावे लागते. विलंबाचा खर्च दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या वर्षात आणि शेवटी प्रवाशाच्या खिशात पडतो. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी बंगळूर मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले, तेव्हा बोम्मसंद्रचा मार्ग सुरूही झालेला नव्हता.

निविदा पद्धतीचा उगम चांगल्या हेतूतून झाला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मंत्र्याच्या मर्जीने आणि चहाच्या टेबलावर कामे वाटली जात, त्या व्यवहाराला आळा घालण्यासाठी कर्नाटकाने १९९९ साली सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा केला. केंद्रात तसा कायदा आजतागायत नाही. २०१२ साली लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये सभागृहाबरोबरच संपुष्टात आले आणि केंद्राची खरेदी अर्थखात्याच्या नियमावलीवर चालते. राज्यात कायदा असूनही जुलै २०२१ मध्ये कर्नाटकातील कंत्राटदारांच्या संघटनेला पंतप्रधानांकडे पत्र लिहून चाळीस टक्क्यांपर्यंत कमिशन मागितले जात असल्याची तक्रार करावी लागली आणि ‘चाळीस टक्के’ हा २०२३ च्या विधानसभा निवडणुकीचा परवलीचा शब्द झाला. ती लढाई आवश्यक आहे. पण तिचा एक दुष्परिणाम असा झाला की सरकारी खरेदी म्हणजे लाच आणि लाच नाही म्हणजे सारे आलबेल, अशी समजूत दृढ झाली. बोम्मसंद्रच्या मार्गाने दाखवले ते असे की, लाचेचा प्रश्न बाजूस ठेवला आणि प्रत्येक कागद नियमानुसार होता असे धरून चालले, तरीही जनतेचे शेकडो कोटींचे नुकसान होऊ शकते. खुद्द केंद्रीय अर्थखात्याने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये केवळ किमान दरावर काम देण्याच्या पद्धतीच्या मर्यादा मान्य करून गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. मुभा म्हणजे जबाबदारी नव्हे.

येथे एक आक्षेप साहजिकच पुढे येतो. सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याला स्पर्धेवाचून कामे दिली तर तो सुस्तावेल, किमती फुगतील, तारखा चुकतील. ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि कामगार चळवळीने तो झटकून टाकू नये. सरकारी कारखान्यांतील दिरंगाई, वरिष्ठांची मुजोरी आणि दिल्लीतील मंत्रालयाची लुडबूड ही कामगारांनीच सर्वांत जवळून पाहिलेली आहे. पण मुंबईचे कंत्राट बी.ई.एम.एल.ने स्पर्धेतूनच मिळवले होते. तेव्हा प्रश्न स्पर्धा असावी की नसावी हा नाही. स्पर्धेत काय मोजले जाते हा आहे. ज्याचा कारखाना उभा आहे, कामगार तरबेज आहेत, सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आसपास आहेत, त्याचा दर आणि ज्याचा कारखाना अजून कागदावर आहे त्याचा दर हे एकाच तराजूत तोलणे ह्याला न्याय्य म्हणता येणार नाही. कागदावरच्या कारखान्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. नागपूर मेट्रोचे ६९ डबे २०१६ साली ह्याच सी.आर.आर.सी.च्या दालियान शाखेकडून घेतले गेले. त्याबरोबर नागपुरात डब्यांचा कारखाना निघणार, असा सामंजस्य करारही त्या वर्षी झाला. डबे दालियानहून आले. कारखाना आला नाही.

दुसऱ्या बाजूने चीनद्वेषाचा सूर लावून मोकळे होणारे लोक आहेत. त्यांना एवढेच विचारावे की २०१९ मध्ये कंत्राट देताना चीन कोठे होता? सीमा तीच होती, तणावही नवा नव्हता. कंत्राट देऊन झाल्यावर सरकारने नियम बदलले आणि आधी दिलेल्या कामांचे काय करावयाचे, ह्याची वेळीच तरतूद केली नाही. शिवाय सी.आर.आर.सी. आहे तरी कोण? चीनच्या दोन सरकारी कंपन्या २०१५ मध्ये एकत्र करून उभारलेली ती सरकारी मालकीची कंपनी आहे. देशातील रेल्वेच्या प्रचंड मागणीवर तिला पोसले गेले, तंत्रज्ञान पचवण्यास अवधी दिला गेला आणि मग ती जगभर स्वस्त दर देऊ लागली. तिच्या दराने मोहित झालेल्या सरकारने आपल्या घरच्या सार्वजनिक कंपनीचे काय केले? जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात बी.ई.एम.एल.मधील २६ टक्के भाग व्यवस्थापनाच्या हक्कासह खाजगी भांडवलदारांना विकण्यासाठी प्रस्ताव मागवले. त्याच महिन्याच्या मध्यास, त्याच कंपनीच्या बंगळूरच्या कारखान्यात, संरक्षणमंत्र्यांनी मुंबईच्या गाडीचे अनावरण करून तिच्या कारागिरीचे गुणगान केले. कामगारांनी विरोध केला, विक्री रेंगाळली. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळूर मेट्रोनेच ह्या कंपनीला आणखी ३१८ डब्यांचे सुमारे ३,१७७ कोटींचे कंत्राट दिले. डब्यामागे दहा कोटींच्या जवळ! त्यात दीर्घ मुदतीच्या देखभालीचा भाग आहे, हे खरे. तरीही चार वर्षांपूर्वीचा ‘स्वस्त’ दर शेवटी कोणाला स्वस्त पडला, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रकरणात कर्नाटकातील संघटनांनी आता नेमके मागावयाचे ते असे : २१६ डब्यांच्या कंत्राटातील विलंबदंडाची कलमे, त्यानुसार प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम आणि दिलेल्या प्रत्येक मुदतवाढीची कारणे निगमाने कन्नडमध्ये, प्रत्येक स्थानकावर, भाड्याच्या तक्त्याशेजारी लावावीत. पुढील प्रत्येक निविदेत उशिराच्या दर महिन्याची किंमत आधी ठरवून ती दरात मिळवावी आणि मगच लखोट्यांची तुलना करावी. देशात बनवण्याची अट असेल तर कारखाना निविदेच्या दिवशी उभा असला पाहिजे. आणि भाडेवाढीच्या समितीपुढे हिशेब जाईल तेव्हा गाड्यांअभावी बुडालेले उत्पन्न प्रवाशाच्या नावे लिहिले जाऊ नये.

हेब्बगोडीच्या आगारात ऑगस्ट २०२५ नंतर एकेक गाडी वाढत गेली. चौथी आली तेव्हा अंतर १९ मिनिटांवर आले. चंदापूरहून आनेकलकडे जाणारा कामगार बोम्मसंद्रला उतरून अजूनही बसचीच वाट पाहतो.