माहेरचें अरण्य

परवां नवेगांवच्या जंगलांतून परततांना माझी नात हिरमुसून म्हणाली, "आजी, वाघ दिसलाच नाहीं! मग आपण पाहिलें तरी काय?" प्रश्न लहान मुलीचा; पण हल्लीं मोठीं माणसेंहि तोच विचारतात. तिला उत्तर देतां देतां मला जें आठवलें, तें आज वाचक भगिनींपुढें ठेवितें.

माझें माहेर गोंदियालगतच्या मुर्रीचें. घर भरलेलें, सख्खीं-चुलत मिळून आम्ही नऊ मुलें. नाताळच्या सुटींत आमचे काका आम्हां सर्वांना नवेगांवबांधला नेत. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी गाडी तेव्हां अरुंद रुळांची होती. देऊळगांवला उतरावें, दशम्यांचीं गांठोडीं सांवरावीं आणि तलावाची वाट धरावी. राष्ट्रीय उद्यान झालें तें 1975 सालीं. आमच्या लहानपणीं तें नुसतें रान होतें. साग, ऐन, मोह, बांबू, भोंवतीं टेकड्या आणि मध्यें तें अफाट पाणी!

काका प्रथम आम्हांस बांधावर उभें करीत व म्हणत, "पाणी देवानें दिलें खरें, पण अडविलें माणसानें." अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यांनीं हा तलाव बांधला, असें सांगतात. तलाव बांधावे व त्यांच्या पाण्यावर धान आणि ऊंस पिकवावा, ही कोहळी लोकांची परंपरागत विद्या. शेतासाठीं अडविलेल्या पाण्याच्या आश्रयानें पुढें पांखरें आणि श्वापदेंहि नांदलीं.

मी आठ वर्षांची असेन. ढिवराच्या डोंग्यांतून आम्ही चाललों होतों. कांठच्या चिखलांत डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या राखी हंसांचा मोठा थवा माना पंखांत खुपसून बसला होता. मला काय वाटलें कोण जाणे, मीं जोरानें टाळ्या वाजविल्या. सगळा थवा कलकलाट करीत उठला. आम्हां मुलांना मौज वाटली. काकांचा चेहरा मात्र उतरला. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "अग, हीं पांखरें हिमालय ओलांडून येतात. तिबेटाकडे त्यांचें सासर. घरटीं, अंडीं, पिलें, सारे कष्ट तिकडे. इकडे चार महिने विसाव्याला यायचें. माहेरीं येऊन निजलेल्या लेकीला टाळ्या पिटून कोणी उठवितो का?"

मी रडलें, पण अर्थ कांहीं कळला नाहीं. कळला पंधरा वर्षांनंतर. तान्ह्या मुलाला घेऊन मी सासरहून थकून आलें, आणि भर दुपारीं आईनें माजघराचें दार लोटून साऱ्या घराला गप्प केलें. त्या निजेंतून जागी झालें तेव्हां मला तो थवा आठवला.

त्यानंतर माहेरची फेरी नवेगांव पाहिल्यावांचून मी पुरी केली नाहीं. मारुति चितमपल्ली ह्यांच्यासारखा जाणता वनाधिकारी तेथें राहून गेला आणि त्यांच्या लेखणीनें हें रान घरोघरीं पोंचलें. 2013 सालीं नवेगांव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वन्य प्राण्यांना जागा मोकळी व्हावी म्हणून रानांतलीं कांहीं गांवें उठवून बाहेर वसविण्यांत आलीं. हें मनांत आलें कीं मी अस्वस्थ होतें. जे पिढ्यान् पिढ्या येथले घरचे, त्यांनीं उंबरठा सोडला, आणि आपण मोटारींत बसून आंत जातों! अशा ठिकाणीं "वाघ दाखवा" म्हणून हटून बसणें पाहुण्याला शोभत नाहीं. यजमानाच्या सवडीनें जें पुढें येईल तें गोड मानून घ्यावें, हेंच आपल्या घरांत मुलांना शिकवितात ना?

नातीला मीं एवढें सगळें सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उजाडतांच तिला घेऊन बांधावर बसलें. हंस पूर्वीपेक्षां मला थोडेच दिसले, पण होते. काकांची गोष्ट तिला सांगितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हळूच विचारलें,

"आजी, हे सासरीं परत कधीं जातात?"

"होळीच्या सुमारास."

"मग त्याच्या आधीं आपण पुन्हां येऊं या."

वाघाचें नांव तिनें पुन्हां काढलें नाहीं.