सही आपली, मजकूर कोणाचा?

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असताना दर पावसाळ्यात बारावीतली दोन-तीन मुले स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाइप केलेला कागद असे. "सर, अमेरिकेतल्या कॉलेजसाठी आहे. फक्त सही पाहिजे." एकदा एकाच आठवड्यात दोघांनी आणलेल्या पत्रांत एक परिच्छेद शब्दशः सारखा निघाला. दोन्हीकडे तो मुलगा 'माझ्या कारकिर्दीतला सर्वांत जिज्ञासू विद्यार्थी' होता. दोघांचा सल्लागार एकच, हे नंतर कळले. पहिल्यावर सही होऊन गेली होती. दुसऱ्यावरही केली. आता कागद जाऊन मेलवर लिंक येते आणि "सर, एवढे पेस्ट करून टाका" असा निरोप येतो, इतकाच फरक.

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करण्याची सर्वांत रुळलेली वाट म्हणजे 'कॉमन ॲप'. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून ती सुरू केली. आज एक हजाराहून अधिक संस्था तिच्यात आहेत. नवे वर्ष १ ऑगस्टला उघडते. निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा, उपक्रम जास्तीत जास्त दहा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे. पालकांचे लक्ष आणि सल्लागारांची फी या दोन रकान्यांवरच खर्च होते. मग अकरावीत संस्था 'स्थापन' होतात, पैसे भरून शोधनिबंध छापले जातात. 'एमआयटी' स्वतःच्या अर्जात फक्त चारच उपक्रम विचारते, हे कोणी सांगत नाही. सांगितले तर विकायचे काय?

पण याच अर्जाचा एक भाग मुलाला भरताच येत नाही. तो आपला आहे. नववी ते बारावीचे गुण, कॉलेजची ओळख आणि शिक्षकांची पत्रे. त्या पत्रांबाबत विद्यार्थ्याला एका ओळीवर निर्णय द्यावा लागतो: १९७४ च्या अमेरिकी कायद्याने मिळणारा, ही पत्रे पाहण्याचा हक्क मी सोडतो. बहुतेक मुले 'सोडतो' म्हणतात, कारण न दाखवता लिहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. आता ते पत्र मुलानेच लिहिलेले असेल, तर ही खूण म्हणजे सरळ खोटे बोलणे झाले आणि त्यात आपण सामील झालो.

आपण असे का करतो, याचे उत्तर आळस एवढेच नाही. आपल्याकडे प्रवेश गुणांवर होतात. अकरावीचा दहावीच्या गुणांवर, पुढचा सीईटी किंवा जेईईवर. मुलाविषयी कोणी कधी आपल्याला काही विचारलेच नाही. आपल्या हाताला वळण आहे ते शाळा सोडल्याच्या दाखल्याचे: प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. त्याचेच इंग्रजी केले की 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडियंट' होते. यातला तिसरा शब्द आपण कौतुकाने लिहितो, पण प्रश्न विचारणारे मूल शोधणाऱ्या तिथल्या वाचकाला तो उणा वाटू शकतो.

शिवाय आपली रचना आडवी येते. मूल दहावीपर्यंत एका शाळेत असते, अकरावीला आपल्याकडे येते. पहिली मुदत बहुधा १ नोव्हेंबरची. म्हणजे जेमतेम सव्वा वर्षाची ओळख, तीही भरगच्च तुकडीत. त्यातून मूल कोचिंग क्लासमध्येच शिकणारे, 'इंटिग्रेटेड'वाले असेल तर ते हजेरीपटावरच भेटलेले. अशा मुलाविषयी प्रामाणिक उत्तर 'कॉमन ॲप'च्या तक्त्यातच दिले आहे. वर्गातली चर्चा, लेखन, अपयशानंतरचे वागणे अशा पंधराएक गुणांपुढे शिक्षकाने खूण करायची असते: वरच्या १० टक्क्यांत, ५ टक्क्यांत, १ टक्क्यात. आणि एक रकाना असतो, 'सांगण्यास आधार नाही'. तो रकाना वापरायला आपण घाबरतो. सगळीकडे १ टक्का भरला की मुलाचे भले होते, असे वाटते. एकाच कॉलेजमधून एका वर्षी पाच मुले तशी आली, की वाचणाऱ्याच्या लेखी त्या पाचांचीही किंमत उतरते.

मग लिहायचे काय? जे फक्त तुम्ही पाहिले ते. अनुमापनाचे माप चुकले तेव्हा शेजारच्याच्या जर्नलमधून आकडा न उचलता ब्युरेट धुऊन पुन्हा बसलेली मुलगी. पहिल्या चाचणीत नापास होऊन दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन आलेला मुलगा. गुण गुणपत्रिकेत आहेतच, ते पत्रात पुन्हा नकोत. मुलाकडून मसुदा मागू नका. आपल्या वर्गातले कोणते दोन प्रसंग त्याला आठवतात, एवढे एका पानावर मागा. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीच्या सहकाऱ्याकडे जा. साधी वाक्ये चालतात. मराठीच्या शिक्षकांकडे तर ही मुले जातच नाहीत. 'एमआयटी'ला मात्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचेही पत्र लागते, आणि ते मराठीच्या बाईंनी लिहिलेले चालते. मुलाने वर्षभर काय वाचले, हे अनेकदा त्यांनाच ठाऊक असते.

प्राचार्यांसाठी एक काम. कॉलेजची ओळख सांगणारी दोन पाने एकदाच नीट तयार करून ठेवा: बोर्डाची पद्धत, अकरावीचे गुण कोण देते, आमच्याकडे कोणते विषय निवडता येतच नाहीत. बारावीला ८५ टक्के म्हणजे काय, हे बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला कसे कळावे? हे काम आज बहुतेक ठिकाणी कार्यालयातला लेखनिक अंदाजाने उरकतो. शिवाय तिकडच्या प्रत्येक विद्यापीठाला शिक्षकांचे पत्र लागतेच असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात ते मागतच नाहीत. तेवढी मागणी आधीच बाजूला काढा.

ज्या मुलाला ओळखत नाही त्याला 'नाही' म्हणा, पण विचारल्याबरोबर म्हणा, म्हणजे त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे जायला वेळ मिळेल. १ नोव्हेंबर बहुधा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आसपास येतो, आणि तेव्हा कॉलेजला कुलूप असते.