नवरा-बायकोनं बोलावं की गिळून घ्यावं?

आज नाली, रस्ता, लाइन यावर नाही, घरातल्या विषयावर लिहितो. पोस्ट थोडी मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

"खर्रा खाऊन अंगणात थुंकते हा माणूस." "जेवतानाही मोबाइल सुटत नाही." "पाहुण्यांसमोर माझी इज्जत काढते." "न विचारता उसने पैसे देऊन येतो." बाई हे बचत गटात सांगते, माणूस पानठेल्यावर. ज्याला सांगायचं, त्यालाच तेवढं कोणी सांगत नाही. काहून? तर म्हणे, "जाऊ द्या ना, भांड्याला भांडं लागतंच."

माझं मत स्पष्ट आहे: बोलावं. गिळलेली गोष्ट पचत नाही, टोमणा होऊन बाहेर येते. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे. पण समितीपुढे आलेलं नवरा-बायकोचं भांडण काही एका दिवसात तयार होत नाही. ते आधी कित्येक वर्षं स्वयंपाकघरात मुरलेलं असते.

जुने लोक म्हणतात, आमच्या काळात बाया सहन करत, म्हणून संसार टिकले. टिकले, मान्य. पण त्याची किंमत कोणी मोजली, तेही सांगा ना.

आता बोलायचं कसं? आपल्या आंजीच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्राला कस्तुरबांचं नाव आहे. त्यांचीच गोष्ट घ्या. १८९८, डर्बन. घरात राहणाऱ्या एका कारकुनाचं लघवीचं भांडं उचलायला बा तयार नव्हत्या, कारण तो जन्मानं अस्पृश्य घरातला. शेवटी उचललं, पण रडत. ते हसतमुखानं करावं म्हणून गांधीजी ओरडले आणि हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात मी जाऊ कुठं, लाज कशी वाटत नाही, असं बांनी तिथंच सुनावलं. गांधीजी ओशाळले, फाटक लावून घेतलं. पुढं आत्मकथेत हे सगळं स्वतःच लिहिलं.

यात गांधीजींचा मुद्दा बरोबर होता, पद्धत साफ चुकली. आणि बा बोलल्या नसत्या तर त्यांना ती चूक दिसलीही नसती.

म्हणून एवढं करा. चारचौघात नको, दोघंच असताना बोला. वावरातून थकून आल्या आल्या नको, जेवण झाल्यावर. एका वेळी एकच गोष्ट. "तू नेहमी असाच" नको, "काल असं झालं, मला वाईट वाटलं" म्हणा. माहेर आणि खानदान मधात आणू नका. अन् समोरच्याचंही ऐकून घ्या, आपल्याही सवयी काही सोन्याच्या नसतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. घोरणं, पसारा, मोबाइल या सवयी झाल्या. मारहाण, दारू पिऊन धिंगाणा, सतत धाक ही सवय नाही, अत्याचार आहे. तिथं समजावत बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीची वेळ असेल तर ११२ लावा. शेजाऱ्यांनीही "त्यांच्या घरचा मामला" म्हणून दार लावून घेऊ नये.

बाकीच्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवा अन् एक गोष्ट बोलून पाहा. तुमचं काय म्हणणं आहे, खाली लिहा. पण घरच्यांची नावं टाकू नका, बाप्पा!