घरी बनवलेल्या विमानात ऑटोपायलट: एका छोट्या मोटरची एवढी काळजी का करायची?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव आठवतायत ना? २०१६ च्या 'मेक इन इंडिया'मध्ये ते विमान मांडलं होतं. पुढे नोंदणीला २०१७ उजाडलं आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९. आपल्याकडे याची मोठी बातमी झाली, कारण असं करणारा माणूस विरळाच.

अमेरिकेत मात्र हा चक्क छंद आहे. 'व्हॅन्स' या एकाच कंपनीच्या किटमधून बनलेली ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. नियम इतकाच की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं हवं. असं विमान 'एक्सपेरिमेंटल' गटात येतं, आणि तिथे ऑटोपायलट बसवायला त्या यंत्राला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. कारखान्यात बनलेल्या विमानात ते लागतं. म्हणूनच हौशी लोकांसाठी ऑटोपायलट बराच स्वस्त पडतो आणि गॅरेजमध्ये बसवता येतो.

मग आता हा विषय का?

जुलै २०२५ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या डीजीसीएने, 'मोझेइक' नावाचे नवे नियम जाहीर केले. त्यातला वैमानिकांचा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. 'स्पोर्ट पायलट' हा अमेरिकेतला छोटा परवाना. नेहमीच्या खासगी परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, याला किमान २० तास पुरतात. वेगळ्या वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आधी या वैमानिकांना दोन सीटची अगदी हलकी विमानंच उडवता यायची. आता वजनाची अट गेली. फ्लॅप न उघडता विमान ५९ नॉट्सपर्यंतच्या वेगाला तरंगत राहत असेल, तर चार सीटचंही चालतं, फक्त सोबत प्रवासी एकच. घरी बनवलेली अनेक वेगवान विमानं या चौकटीत बसतात.

थोडक्यात, कमी तासांच्या वैमानिकाला जास्त दमदार विमान मिळणार. त्यातला ऑटोपायलट कोणीतरी शनिवार-रविवारी स्वतः बसवलेला असू शकतो.

ही सर्व्हो नावाची मोटर करते काय?

ऑटोपायलटचा मेंदू समोरच्या स्क्रीनमागे असतो. हात म्हणजे सर्व्हो. मुठीएवढी मोटर, तिला एक छोटा दांडा, आणि तो रॉडने विमानाच्या कंट्रोलला जोडलेला. एक सर्व्हो शेपटीकडचा एलेव्हेटर हलवतो, म्हणजे नाक वर-खाली. दुसरा पंखांवरचे एलेरॉन हलवतो, म्हणजे डावी-उजवी कलाटणी.

खरी गंमत (आणि भीती) इथे आहे. ऑटोपायलट बंद असला तरी हा दांडा कंट्रोलला जोडलेलाच राहतो. तुम्ही स्टिक ओढली की तोही फिरतो. आता आजीचं पायाचं शिलाई मशीन आठवा. चाक एका ठरावीक जागी थांबलं की पायटा कितीही दाबा, चाक हलत नाही. हाताने थोडं फिरवावं लागतं. सर्व्होचा दांडा आणि रॉड एका रेषेत आले की नेमकं हेच होतं. रेष ओलांडून दांडा पलीकडे गेला, तर स्टिक तिथेच अडकते. घरी मशीन अडकलं तर चाक फिरवता येतं. जमिनीपासून ३०० फुटांवर नाक वर करून अडकलेल्या स्टिकला असा उपाय नाही.

म्हणून स्टिक मधोमध असताना दांडा आणि रॉड यांच्यात काटकोन ठेवतात. स्टिक चारही टोकांना नेली तरी दांडा त्या रेषेच्या बराच अलीकडे थांबायला हवा. आणि थांबवण्याचं काम विमानाच्या स्वतःच्या स्टॉपनेच करायला हवं, सर्व्होने नाही. दांड्याचं चुकीचं भोक निवडलं किंवा ब्रॅकेट थोडं सरकलं, तरी हे गणित बिघडतं.

दुसरी गोष्ट ताकदीची. सर्व्हो माणसापेक्षा कमजोरच हवा. त्याची ताकद सेटिंगमध्ये ठरवता येते. काही सर्व्होंमध्ये वेळेला तुटेल असा मुद्दाम कच्चा स्क्रू असतो, काहींमध्ये क्लच. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखंच. पण विमान नीट धरत नाही म्हणून ताकद वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि बऱ्याचदा खरं कारण घासणारा रॉड किंवा सैल बोल्ट असतं.

तिसरी चूक ऐकायला हास्यास्पद वाटेल: उलटी दिशा. उजवीकडे वळायचा आदेश दिला आणि स्टिक डावीकडे गेली. हे जमिनीवर, इंजिन बंद ठेवून दोन मिनिटांत तपासता येतं. ऑटोपायलट चालू असताना स्टिक हाताने ओढून तो हरतो का, आणि स्टिकवरचं बटण दाबताच सुटतो का, हेही तिथेच कळतं.

मग बंदीच का नाही?

कारण ऑटोपायलट जीवही वाचवतो. ढगात शिरलेल्या नवख्या वैमानिकाला वर-खाली कळेनासं होतं. अशा वेळी विमान सरळ करणारं एक बटण फार मोलाचं असतं. २० तासांवर परवाना मिळालेल्याला तर ते जास्तच हवं. माझ्या मते अडचण यंत्रात नाही, ते बसवल्यावर दुसऱ्या कोणी पाहायची सक्ती ढिली आहे त्यात आहे. नव्या विमानाला पहिले २५ किंवा ४० तास चाचणीचे असतात. नंतर बदल केला आणि तो 'मोठा' असला, तर एफएएला कळवून किमान ५ तास पुन्हा चाचणी करावी लागते. पण सर्व्हो बसवणं 'मोठं' की 'किरकोळ', याचा पहिला निवाडा बऱ्याचदा मालकच करतो.

विमान विकलं गेलं की गुंता वाढतो. ज्यानं ते बनवलं त्याला एफएए वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र देतं. विकत घेणाऱ्याला ते मिळत नाही, त्याला बऱ्याचदा मेकॅनिक गाठावा लागतो. त्या मेकॅनिकला सीटखालचं झाकण उघडायला सांगा, स्टिक चारही टोकांना न्या, आणि तो दांडा कुठपर्यंत जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पैसे त्यानंतर द्या.