पाणवठ्याचा हक्क मिळाला, पाण्याची विद्या कोणाची?



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. स्पृश्यांनी 'अनादि रूढी'चा दाखला देत कोर्टाची पायरी चढली. परंतु १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल दिला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तळी व घाट सर्वांना खुले केले. पाणी पिण्याचा हक्क अशा रीतीने कायद्यात आला. परंतु पाणी कोठे साठवावे, कोणाला किती द्यावे, हे ठरविण्याची विद्या अजून आपल्या घरी आलेली नाही. ती आल्यावाचून मिळालेला हक्क पुरा पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लातूरचे उदाहरण घ्या. २०१६ च्या मार्चमध्ये तेथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून आलेली पहिली आगगाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांत आपल्या मायबहिणीही होत्या. मांजरेचे पाणी कोणत्या पिकाला जावे आणि कोणत्या वस्तीच्या नळाला यावे, हा विचार ज्या मेजावर झाला, तेथे त्यांची बाजू मांडणारा जाणकार कोण होता?

यावर काही वडीलधारे म्हणतात, "आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकी सोडली, धम्म घेतला, आता आमच्या मुलांनी गटाराचे शास्त्र शिकावे काय?" या आक्षेपामागची वेदना खरी आहे, पण त्यातला तर्क खोटा आहे. बाबासाहेबांनी जी बेडी तोडली ती जन्माने लादलेल्या कामाची. स्वतः निवडलेली विद्या ही बेडी नव्हे. गटारात उतरणारा देह आपल्यातला आणि गटाराचा नकाशा काढणारा हात दुसऱ्याचा, ही चातुर्वर्ण्याचीच नवी मांडणी आहे. ती मोडावयाची तर नकाशाच्या मेजावरच बसले पाहिजे.

कायदा काय सांगतो? २०१३ च्या कायद्याचे सातवे कलम गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरविण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूसाठी १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ३० लाख रुपये भरपाई ठरविली. मी वकील असूनही सांगतो की भरपाई ही प्रेत बाहेर काढल्यानंतरची गोष्ट आहे. ज्या गटारात माणूस उतरण्याची गरजच पडत नाही, ते गटार वकिलाला बांधता येत नाही, इंजिनिअरला येते.

आणि हे शास्त्र म्हणजे घाण उपसणे नव्हे. सांडपाण्यातील कचरा जाळीने अडविणे, वाळू व गाळ बसविणे, हवा देऊन जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण नष्ट करणे, मग ते पाणी निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणणे, यात रसायन, जीवशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. नांदेडच्या नाल्यांतून गोदावरीत जाणारे सांडपाणी थांबवील तो खरा वैद्य. लातूरच्या शिकवणी वर्गांपुढे रांगा लावणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. डॉक्टर पटकी बरी करतो. पण ती होऊच नये याची तजवीज पाण्याचा इंजिनिअर करतो.

वाट दूर नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयाजवळच श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे. स्थापत्याची पदवी घेऊन गेट परीक्षा द्यावी. त्या बळावर पदव्युत्तर प्रवेशाबरोबर विद्यावेतनही मिळू शकते. रुरकीला जलसंपत्ती विकासाचे उच्च शिक्षण १९५५ पासून चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकी आहे. नागपूरला 'नीरी' आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पुढे जलसंपदा विभाग, जीवन प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका व केंद्रीय जल आयोग यांत जागा असतात. धम्म घेतल्याने सवलत जाईल ही भीती मनातून काढून टाका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत. दाखले मात्र वेळेवर व बिनचूक काढा.

बाबासाहेबांनी स्वतः ही विद्या परकी मानली नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर व महानदी खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळही त्याच काळात, १९४५ साली, घातले गेले. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी काय सांगितले आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला तंटा! युद्धाने पाण्याचा तंटा मिटणार नाही, असे सांगणारा आपला शास्ता आहे. मग तो तंटा न्यायाने व ज्ञानाने कसा सोडवावा, हे त्याच्या अनुयायांनी शिकावयाचे नाही तर कोणी?

म्हणून येत्या वर्षी प्रत्येक विहारात दहावी-बारावीच्या मुलामुलींना एकत्र बसवा आणि ही वाट समजावून सांगा. मुलींना वगळू नका. हंड्याचे ओझे त्यांनीच वाहिले आहे. तळ्याचे पाणी आपण प्यालो. आता त्या तळ्याचा हिशेब आपल्या हाती आला पाहिजे.

जय भीम!