मशीन नंतर घ्या, आधी ब्लेड नीट घ्या

फुलचूर गोंदिया शहराला लागूनच आहे. इथे किचन-वॉर्डरोबचं छोटं युनिट टाकायचं मनात असेल, तर माझं स्पष्ट मत ऐका: मोठ्या मशीनच्या आधी योग्य ब्लेडवर पैसे टाका.

गिऱ्हाईक आतला प्लाय बघत नाही, कड बघतं. ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. सनमायकाची कपची उडून एक मोठा तुकडा वाया गेला, की ब्लेडमध्ये वाचवलेले पैसे गेलेच समजा.

लाकूड उभं चिरायचं २४ दात्यांचं ब्लेड लॅमिनेटला लावू नका. १० इंची टेबल सॉसाठी ६० ते ८० दात्यांचं कार्बाइड ब्लेड घ्या. दुकानात 'टीसीजी' दाते मागा. यात एक दाता मधे चर पाडतो, मागचा सपाट दाता कडा साफ करतो. म्हणून कडक लॅमिनेट कमी फुटतं.

टेबल सॉवर दाते वरून खाली कापतात, तेव्हा चांगली बाजू वर ठेवा. हातातल्या सर्क्युलर सॉला उलट, चांगली बाजू खाली. दोन्ही बाजू दिसणार असतील, तर स्कोरिंग ब्लेडच्या पॅनल सॉवर जॉबवर्क करून घ्या. ऑर्डरी वाढल्या की तशी मशीन घ्या.

ब्लेडला चिकटा धरला की प्लग काढून साफ करा. धार लावायचा खर्च कोटेशनमध्येच धरा. आणि नवं ब्लेड आधी रद्दी तुकड्यावर चालवा, मगच गिऱ्हाइकाच्या शीटला हात लावा.